चार मिलिअँपियरचं शून्य

"अक्का, डोळे झोंबाय लागल्यात गं. माझ्या एकटीचे नव्हे, सगळ्या बायकांचे. आणि साहेब म्हणतोय, स्क्रीनवर गॅस शून्य आहे."

जेवणाच्या सुट्टीत माझी धाकटी बहीण राजमती फोनवर बोलत होती आणि मधेमधे खोकत होती. तासगाव रस्त्यावरच्या सुवर्णकण शीतगृहात बेदाणा निवडायच्या हॉलवर ती मुकादम. काळा-पिवळा आता मशीन वेगळा करतं, पण काडी आणि खडा अजून बाईच्याच बोटांना कळतो, म्हणून बायका लागतात. नाहीतर त्यांनाही कधीच घरी बसवलं असतं.

"कुणीतरी डब्यात कांदा आणला असेल," मी चेष्टेनं म्हटलं.

"चातुर्मासात? माझ्या सासूबाईंनी ऐकलं तर मला उंबऱ्याबाहेर काढतील. कार्तिकापर्यंत आमच्या घरात कांद्याचं सालसुद्धा येत नाही. सगळे तुझ्यासारखे बाटलेले नसतात, अक्का." ती हसली आणि हसता हसता पुन्हा खोकली. तो खोकला ऐकून माझी चेष्टा पार उतरली.

"मी येते. तोंडाला ओला रुमाल बांध आणि दाराजवळ बस," असं सांगून मी फोन ठेवला.

मी त्रिशला मगदूम. कुपवाडच्या एमआयडीसीत माझं पॅनेल वायरिंगचं वर्कशॉप आहे. आहे म्हणजे होतं, आणि ते का गेलं त्याचीच ही गोष्ट. बाई वायरमन म्हणून लोक आधी फिदीफिदी हसायचे. मग हसायचे थांबले, कारण मी जोडलेली तार सुटत नव्हती.

आता थोडं तारांचं सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. कारखान्यातला राउटर म्हणजे घरातला वायफायचा डबा नव्हे. त्याला हिरवी टर्मिनलची पट्टी असते आणि तिच्यात बाहेरच्या जगाच्या तारा येतात. काही इनपुट डिजिटल असतात. त्यांना दोनच गोष्टी कळतात, आहे किंवा नाही. दार उघडं की बंद, बटण दाबलं की नाही दाबलं. दोन तारा एकमेकींना टेकल्या की 'आहे', सुटल्या की 'नाही'. बाकीची इनपुट अ‍ॅनालॉग. त्यांना 'किती' ते कळतं. किती गारवा, किती दाब, हवेत किती अमोनिया. शीतगृह चालतं अमोनियावर आणि अमोनिया सुटला तर माणसाचे डोळे आणि फुप्फुसं धरतो, म्हणून गॅसचा सेन्सर अ‍ॅनालॉग इनपुटला जोडतात.

हा सेन्सर आपलं मोजमाप करंटनं सांगतो, चारपासून वीस मिलिअँपियरपर्यंत. गॅस भरपूर असेल तर वीस. गॅस अजिबात नसेल तर चार. शून्य नव्हे, चार! जुन्या लोकांनी हे फार विचार करून ठेवलं होतं. तार तुटली तर करंट खरोखरच शून्य होतो. मग 'गॅस नाही' आणि 'मला काही सांगताच येत नाही' यांची गल्लत होऊ नये, म्हणून चांगल्या शून्यालाही त्यांनी चार मिलिअँपियर दिले. आयटीआयमध्ये मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतकं आवडलं, की घरी येऊन राजमतीला सांगितलं होतं. ती तेव्हा शाळेत होती. म्हणाली, "म्हणजे गप्प असणं वेगळं आणि बरं असणं वेगळं." किती नेमकं बोलली होती पोरगी.

मग 'पूरक' आलं.

पूरक म्हणजे राउटरमध्येच बसवलेला हिशेबी मेंदू. कल्पना वाईट नव्हती, मी खोटं कशाला बोलू? पूर्वी एखादी तार उंदरानं कुरतडली तर अख्खा प्लांट बंद पडायचा. पूरक उरलेल्या इनपुटांवरून हरवलेला आकडा काढायचं. कॉम्प्रेसर एवढा करंट खातोय, दाब एवढा आहे, बाहेर ऊन एवढं आहे, तर खोलीचं तापमान अमुक असणार. आणि ते तसंच निघायचं. विमेवाले खूश झाले, सरकार खूश झालं. बघता बघता कायदा झाला, की पूरकची नोंद हीच प्रमाणित नोंद. इन्स्पेक्टर, विमा, कोर्ट, सगळीकडे तीच चालणार. माणसानं सांगितलेलं म्हणजे ऐकीव.

पण अमोनियाची लहान गळती दाबात दिसतच नाही. व्हॉल्व्हच्या मानेतून बारीक धार सुटली, तर टाकीला त्याचा पत्ताही लागत नाही. तो लागतो डोळ्यांना. तिथं पूरकला अंदाज बांधायला आधारच नसतो आणि आधार नसला की ते शून्य दाखवतं.

आमच्या भागात पूरकची एजन्सी जिनदत्तकडे. जिनदत्त म्हणजे माझा नवरा. लग्न झाल्यापासून मी कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं, 'आमचे हे' म्हणायचे. आता घेते.

मी सुवर्णकणला पोचले तेव्हा मॅनेजर नलवडे काचेच्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसला होता.

"या मॅडम. हे बघा, हिरवं. गॅस शून्य. श्रावण जवळ आला की बायकांना बरोबर काहीतरी होतं. उपास, सण, माहेर."

"तुम्ही हॉलमध्ये जाऊन आलात का?"

"कशाला? इथं दिसतंय की."

हॉलच्या दारातच माझ्या नाकात टाचणी गेल्यासारखं झालं. बायका पदर तोंडावर धरून एका हातानं निवडत होत्या. राजमतीचे डोळे लालबुंद. प्लांट ऑपरेटर इस्माईल चाचा तिथंच उभे होते. त्यांना विचारलं तर ओशाळून म्हणाले, "बेटी, माझं नाक या वासानं कवाच मेलंय. मला घरात अत्तर सांडलं तरी कळत नाही." पण त्यांनी खिशातून गंधकाची वात काढली. अमोनिया असेल तिथं जळत्या गंधकाचा दाट पांढरा धूर होतो, ही शोधायची जुनी रीत. चाचांनी वात पेटवून भिंतीतल्या पाइपाच्या व्हॉल्व्हजवळ नेली आणि पांढरा लोट उठला.

नलवडेला मी अक्षरशः ओढत आणून तो धूर दाखवला.

"धूर काय, उदबत्तीचाही निघतो," तो रुमाल नाकाला लावून म्हणाला. "सिस्टिममध्ये दाखवा, लगेच बंद करतो. सिस्टिममध्ये शून्य असताना मी प्लांट बंद केला आणि आतला माल बिघडला, तर विमा हात वर करतो. मग मी जबाबदार. घरी बसवतील मला, बाई."

तो खोटं बोलत नव्हता आणि म्हणूनच माझ्या डोक्यात सणक गेली. मी फायर ब्रिगेडला फोन लावला. त्यांनी तिकडून सुवर्णकणची नोंद उघडली आणि म्हणाले, गॅस शून्य आहे, गाडी पाठवता येणार नाही.

मी राउटरचं पॅनेल उघडलं. गॅस सेन्सरची तार अ‍ॅनालॉग टर्मिनलमध्ये नव्हतीच! टोकाला काळी टेप लावून, सुबक वळसा घालून, झिप टायनं बाजूला बांधून ठेवलेली. हे उंदराचं काम नव्हे. आणि तो वळसा मी ओळखते. दोन फेरे मारून टोक आत खोचलेलं. आमच्या घरची एक्स्टेन्शनची वायर जिनदत्त अशीच गुंडाळतो.

कारणही तिथंच सापडलं. टर्मिनलशेजारी एक बारीक स्विच असतो. इनपुटनं व्होल्टेज मोजायचं की करंट, ते त्यावर ठरतं. सेन्सर करंटचा आणि स्विच व्होल्टेजवर. अशानं जोडल्या जोडल्या वाट्टेल ते आकडे येणार आणि सायरन कोकलणार. जोडणाऱ्यानं स्विच बदलायचा तर त्यानं तारच काढून टाकली. तार नसली की पूरक आपला अंदाज दाखवतं, हिरवा दिवा लागतो, पार्टी सही देते आणि पुढच्या साइटला पळता येतं. पहिल्यांदा घाईत झालं असेल. मग कटकट मिटतेय म्हटल्यावर रीतच पडली.

मी स्विच करंटवर केला, तार सोलून जोडली, स्क्रू आवळला आणि मीटर लावला. सेन्सर ठणठणीत होता. बारा मिलिअँपियर दाखवत होता, म्हणजे निम्मं माप गॅसनं भरलेलं. आता स्क्रीन लाल होणार म्हणून मी मान वर केली.

स्क्रीनवर अक्षरं आली. 'सेन्सर अविश्वसनीय. पूरक मूल्य वापरात. गॅस शून्य.'

आधी मला कळेचना. मग कळलं. राउटर बसवल्यापासून पूरक रोज स्वतःचाच अंदाज गिरवत आलं होतं. त्याच्या लेखी या हॉलमध्ये गॅस कधी नव्हताच. आपल्या एवढ्या शून्यांपुढं एक तार अचानक उठून बारा म्हणायला लागली, तर खोटं कोण? अर्थातच तार. मी तार काढून पुन्हा लावली, राउटर बंद करून चालू केला. ते दरवेळी तितक्याच शांतपणे मला खोटं पाडत होतं.

हा अंदाज बंद करायची किल्ली एजन्सीकडे असते. मी जिनदत्तला फोन लावला.

"अहो, सुवर्णकणचं पूरक बंद करा. आत्ताच्या आत्ता. खरी गळती आहे आणि राजमती आत आहे."

"तू तिथं काय करतेस?"

"तार तुम्ही काढलीय. पॅनेल उघडून बघितलंय मी."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्रिशला, नीट ऐक. किल्ली फिरवली की कंपनीला कळतं. का फिरवली, तार कधीपासून सुटी होती, सगळं. मग ते बाकीची शीतगृहंही तपासतील."

"म्हणजे बाकीच्या ठिकाणीही हेच केलंय?"

"सगळेच करतात गं. मी एकटा आहे का?"

"अहो, राजमती आहे आत! आम्हाला भाऊ नाही म्हणून तिच्या लग्नात कानपिळीला तुम्ही उभे राहिलात. विसरलात?"

"मग तिला बाहेर बोलाव ना. बाकीच्यांचं ते लोक बघून घेतील."

मी फोन कापला.

राजमतीला हाताला धरून उठवायला गेले तर तिनं हात सोडवला. "अक्का, मी मुकादम आहे. मी उठून गेले आणि ह्या बसून राहिल्या, तर उद्या मी ह्यांना तोंड कसं दाखवू? ह्या निवडीचा पट्टा सोडून उठल्या तर साहेब उद्या दुसरी टोळी आणतोय. बंद व्हायचं तर सगळं बंद होऊ दे."

ती हे बोलत असतानाच पट्ट्याच्या टोकाला निवडत बसलेल्या कमळाबाई ओकल्या आणि तशाच बेदाण्याच्या क्रेटवर आडव्या झाल्या. बायकांनी आरडाओरडा केला. नलवडे केबिनमधून स्क्रीनकडे बघत होता. खरंच सांगते, बाई पडलेली दिसत असताना तो माणूस आधी स्क्रीनकडे बघत होता.

आणीबाणीचं लाल बटण त्याच्या केबिनमध्ये, पाठीमागच्या भिंतीवर. मी आत घुसायला गेले तर त्यानं दार आतून लावून घेतलं. मी पुन्हा पॅनेलकडे पळाले. अ‍ॅनालॉगचा अंदाज बांधता येतो, पण बटणाच्या डिजिटल इनपुटला पूरकनं हात लावायचा नाही, एवढी अक्कल तरी कायद्यानं ठेवली होती. तिथं आहे किंवा नाही, मधलं काही नाही. मी बोटभर तारेचा तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलली आणि बटणाच्या दोन टर्मिनलमध्ये खुपसली. कुणी न दाबलेलं बटण दाबलं गेलं.

सायरन सुरू झाला, कॉम्प्रेसर थांबले, शटर वर गेलं, मोठे पंखे धडाडून फिरायला लागले. बायका धावत बाहेर पडल्या. राजमती शेवटी आली, कमळाबाईंना एका बाजूनं धरून. दुसऱ्या बाजूनं चाचा. मी भिंतीला टेकून बसले आणि तिथंच रडले. सगळ्या जिवंत बाहेर आल्या होत्या.

तेवढं एकच चांगलं झालं त्या दिवशी.

इन्स्पेक्टर यायच्या आत नलवडेनं चाचांकडून व्हॉल्व्हचा नट आवळून घेतला होता. पंख्यांनी हॉल धुतल्यासारखा स्वच्छ केला होता. पुढं चौकशी झाली. अधिकारी तरुण होता आणि फार सभ्य बोलत होता.

"मॅडम, प्रमाणित नोंदीत गॅस शून्य आहे. बटण कुणी दाबलेलं नाही. तरी बटणाचं डिजिटल इनपुट 'आहे' झालंय. म्हणजे टर्मिनलवर छेडछाड झाली."

"मीच केली. पण सेन्सर बारा सांगत होता, ते बघा की!"

"अविश्वसनीय सेन्सरचे आकडे सिस्टिम साठवत नाही, मॅडम."

"अहो, एवढ्या बायका सांगताहेत. चाचा सांगताहेत."

"त्यांचंही म्हणणं आम्ही घेतलंय," तो म्हणाला आणि मला पाणी दिलं.

कमळाबाई वाचल्या, पण आता दोन पावलं चालल्या की दम लागतो. गॅस शून्य होता म्हटल्यावर डॉक्टरांनी जुना दमा असं निदान केलं. बाईला उभ्या जन्मात दमा नव्हता.

जिनदत्तचाही जबाब झाला. मी बसवलं तेव्हा सगळ्या तारा जोडलेल्या होत्या, म्हणाला. आणि माझी बायको काही दिवसांपासून तणावात आहे, असंही म्हणाला. घरी येऊन मला समजावत होता, "तणाव म्हटल्यामुळं गुन्हा लागला नाही. नुसता तुझा वायरिंगचा परवाना गेला. तुझ्यासाठीच बोललो मी." आणि वर विचारतो, "चहा टाकतेस का?"

टाकला नाही. त्याच आठवड्यात मी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहायला आले. वर्कशॉपची पाटी उतरवली, परवान्याशिवाय ती ठेवून करायचं काय?

सुवर्णकणनं घरी बसवलेल्या बायकांना काम मिळेना. त्यांचा राग निघाला राजमतीवर. "तुझ्या अक्कानं आमची वाट लावली," असं तिला भर बाजारात ऐकवलं. तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि नलवडेकडे जाऊन सगळ्यांसाठी हातापाया पडली. तो म्हणाला, तोंड बंद ठेवणार असाल तर या. सगळ्या परत गेल्या. राजमतीही गेली.

पर्युषण तोंडावर आलं असताना ती मला भेटायला आली. येताना शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन आली, कारण मी एकटी धड काही करून खात नाही हे तिला माहीत. खोलीभर बघून म्हणाली, "किती पसारा केलाईस गं." मग खाटेवर माझ्याजवळ बसली. उजेडात तिचा चेहरा दिसला. डोळ्यांच्या कडा सुजलेल्या, बुबुळाभोवती लाल जाळं.

"हॉलमध्ये वास येतो का गं अजून?"

"नाही गं."

"राजमती, मला खरं सांग."

"शून्य आहे, अक्का. रोज जाताना स्क्रीनवर बघते मी."

"मग डोळे असे का झालेत?"

तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. जराही न अडखळता म्हणाली, "सकाळी कांदा चिरत होते."

कार्तिक यायला अजून अवकाश होता. तिच्या घरात कांद्याचं सालसुद्धा नव्हतं. ते मला माहीत आहे, हे तिलाही माहीत होतं. तरी तिनं माझी नजर चुकवली नाही, उलट थोडी हसली. नवऱ्याचं खोटंही मला एवढं लागलं नव्हतं.

मग तिला खोकल्याची उबळ आली. कितीतरी वेळ थांबेना. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पोळीचा ठसका लागला," ती म्हणाली. पोळ्यांचा डबा अजून उघडलाही नव्हता.